जोडीदारणीचा आकडा

७ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटीस अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. अकरा वेळा केला. बारावा करायला घेतला तेव्हा हे सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावता लावता म्हणाले, "तिला फोन ऐकू येतो. तुला कळत नाही." तुझे मोठे दीर वर्षातून एकदा शहाण्यासारखं बोलतात, ते या वर्षी फेब्रुवारीतच उरकलं.

कामाचं आधी. काल बचत गटाची बुधवारची बैठक झाली. ६ मार्चला पाच वर्षांचं वाटप आहे. जिची तिला बचत आणि व्याज देऊन पेटी रिकामी करायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तुला आठवत असेल, गट काढला तेव्हा एक नियम केला होता. जी बाई सलग चार वर्षं बैठकीला येणार नाही तिची जागा वाटपाच्या दिवशी काढून टाकायची आणि तिची बचत बाकीच्यांत वाटायची. नियम मीच सुचवला होता. तेव्हा मला नियम सुचवायची हौस होती. या महिन्याच्या अखेरीला तुला चार वर्षं होतात.

तर तू ६ मार्चला ये. तीन वाजता, शाळेच्या मागच्या खोलीत, पूर्वीच्याच जागी. येणं जमत नसेल तर दोन ओळी लिहून पाठव, की मला माझी जागा ठेवायची आहे. तेवढ्यावर मी बाकीचं बघते. मी गटाची अध्यक्ष म्हणून लिहिते आहे, घरातली म्हणून नाही. झालं गेलं ते उकरण्यात अर्थ नाही.

काल विषय निघाला तेव्हा चहावाली म्हणाली, "त्या बाईचा हिस्सा एवढा जपायचा कशाला? तिने आपला कुठे जपला?" दोघीतिघी हसल्या. मी पुढचा विषय घेतला.

इकडे सगळं ठीक. तुमच्या बाजूची खोली मी पंधरा दिवसांनी झाडते. मधल्या बोळातला तुझा खिळा अजून तिथेच आहे. त्यावर हल्ली हे टोपी लावतात, मी काढून ठेवते.

तुझी
थोरली

१४ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटीस,

काल भाऊजींचा यांना फोन आला. मी शेजारी उभी होते, त्यामुळे सगळं ऐकलं. पत्र तुला मिळालं. तू ते कामावरून आल्यावर दारातच उभ्याने वाचलंस आणि म्हणालीस, "वाटून टाका म्हणावं." एवढंच. भाऊजी म्हणाले, तू कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर कॉलर शिवतेस. फक्त कॉलर. बाह्या दुसरी शिवते, काजं तिसरी. जी बाई कापड बघून माणसाचं माप सांगायची तिला कॉलरला बसवलं आहे. ऐकून माझं डोकं फिरलं.

वाटून टाका काय? कधी पस्तीस, कधी चाळीस करून साठवलेत तू. रात्रंदिवस मशीन चालवून, दुसऱ्यांच्या मुलांचे गणवेश शिवून. कोणाच्या बापाचे आहेत का ते? मी वाटू देणार नाही. तू कितीही तोंड फिरवलंस तरी नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. गट काढायचा म्हटलं तेव्हा तेरा घरी जाऊन बसले होते, कोंबडीवालीच्या नवऱ्याने कुत्रं सोडलं तरी उठले नव्हते. तू तर माझी जाऊ आहेस.

हल्ली दोन नव्या बायका येतात बघायला. वाटपानंतर गटात येणार आहेत. त्यांना मी पहिल्या दिवसापासून सगळं समजावते, पेटीला कुलपं तीन आणि किल्ल्या तीन घरी. बैठकीत सगळ्यांच्या समोरच पेटी उघडायची. हिशेबाची वही पेटीतच बंद, म्हणजे घरी बसून कोणी खाडाखोड करायला नको. आणि पेटी उघडण्याआधी प्रत्येकीने आपल्या जोडीदारणीची बचत तोंडपाठ सांगायची. मग वही काढून शाळेतल्या बाई ताडून बघणार. विसरली तर दंड. एकीने विचारलं, "स्वतःचा आकडा का नाही सांगायचा?" मी म्हणाले, "स्वतःचा कोण विसरतं?" हे उत्तर तुझं होतं. पहिल्या बैठकीत तू दिलं होतंस. मी ते माझं म्हणून वापरते.

चार वर्षांपूर्वीच्या त्या बुधवारीही तू माझा आकडा असाच न अडखळता सांगितलास. एकवीसशे दहा. मग मी तुझा सांगितला, अठराशे पंचेचाळीस. आणि मग पेटी उघडली तर बत्तीसशे कमी.

मी म्हणाले होते उकरायचं नाही. पण आता हात लागलाच आहे. पुढे काय झालं ते मी आठ दिवस मनात लावून बघते आहे. पैसे तीनदा मोजले. कुलपं धड होती. गिरणीवाली रडायला लागली आणि म्हणाली, लेकीला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेताना तिने तिची किल्ली आपल्या बोळातल्या तुझ्या खिळ्यावर अडकवली होती, कारण मागे तिच्या घरात कोणी नव्हतं. तुझी किल्लीही तिथेच असायची. म्हणजे खिळ्यावर दोन किल्ल्या. तिसरी माझी, माझ्या स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागे, आणि ती जागा तुला माहीत. पेटी माझ्याच पलंगाखाली. आणि त्याच आठवड्यात भाऊजींनी जुनी मोपेड घेतली होती. चहावालीने मोपेडचं नाव काढलं आणि सगळ्या तुझ्याकडे बघायला लागल्या.

तू म्हणालीस, "मोपेड हप्त्यावर आहे, कागद दाखवते." कोणी कागद मागितला नाही. मागितला असता तर बरं झालं असतं.

सगळ्याजणींनी एकच हिशेब केला. तुला माझी किल्ली ठाऊक होती, म्हणून तिन्ही किल्ल्या तुझ्या हाताशी होत्या. मलाही तुझा खिळा ठाऊक होता. उलट कोणी विचारलंच नाही.

आज एवढंच. हात दुखतो.

थोरली

२१ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटे,

मागचं पत्र टपालात टाकल्यावर मला वाटलं होतं, तू आता तरी फोन करशील. मलाही तुझा खिळा ठाऊक होता, ती ओळ वाचून तुला कळलंच असणार. तू काही केलं नाहीस. बरोबर आहे. अर्धं सांगणाऱ्या माणसाशी काय बोलायचं.

पेटी मी उघडली होती.

लिहिलं. आता पुढचं सोपं जाईल असं वाटलं होतं, पण जात नाही. मधे उठून कोंबड्यांना दाणे टाकून आले, आणि आपल्याकडे आता कोंबड्या नाहीत. शेजारच्यांच्या कोंबड्यांना टाकले.

मी पैशासाठी उघडली नाही. हे तुला खरं वाटेल की नाही मला माहीत नाही, पण कारण याहून वाईट आहे. मी तुझा आकडा विसरले होते.

त्या आधीच्या बुधवारी गिरणीवाली तिच्या जोडीदारणीचा आकडा विसरली होती, आठवतं? मी तिला उभं केलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाले होते, "जिला दुसरीचे कष्ट लक्षात राहत नाहीत तिने गटात बसू नये." दंड घेतला तो वेगळाच. बिचारीची लेक दिवस भरून बसली होती, तिचं चित्त कुठे थाऱ्यावर असणार? मी ऐकलं नाही. आणि पुढच्याच मंगळवारी दुपारी भांडी घासताना मी तुझा आकडा मनात म्हणायला गेले तर आठवेना. अठराशे कुठेतरी होतं. चाळीस की पंच्याऐंशी की आणखी काही, काही केल्या आठवेना. तू शेतावर शेंगा तोडायला गेली होतीस. तुला संध्याकाळी विचारता आलं असतं. भिंतीपलीकडे तर राहायचीस. "अगं, तुझा आकडा सांग गं" एवढंच. तू हसली असतीस आणि सांगितला असतास आणि कोणाला कळलंही नसतं. पण तू हसली असतीस ना, तेच मला नको होतं. मी अध्यक्ष. मी कशी विसरणार.

खिळ्यावरून दोन किल्ल्या काढल्या, डब्यामागून माझी घेतली. पेटी पलंगावर घेतली. वही तळाशी असते. वरची नोटांची एक गड्डी काढून मांडीवर ठेवली, वही उघडली, तुझं पान बघितलं. अठराशे पंचेचाळीस. तेवढ्यात बाहेरून दूधवाल्याने हाक मारली. मी घाईघाईने वही टाकली, पेटी मिटली, तिन्ही कुलपं लावली, किल्ल्या जागच्या जागी. गड्डी मांडीवरून घसरून पलंगावरच्या गोधडीच्या घडीत गेली. माझ्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुझा आकडा खणखणीत सांगितला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "पाठांतर असावं तर असं." आणि मग पेटी उघडली.

त्याच बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, की जिच्या घरी पेटी तिच्याकडे किल्ली नको, आणि एका छपराखाली दोन किल्ल्या तर नकोतच. मी तेव्हा रागावले होते. म्हणाले होते, आमच्या घरावर विश्वास नसेल तर पेटी तुमच्याकडे न्या. त्या गप्प बसल्या. बायका माझ्यापुढे फार लवकर गप्प बसतात. तू तेवढी बसायची नाहीस.

गड्डी मला तू गेल्यानंतर सापडली. तोवर तू बत्तीसशे भरून टाकले होतेस आणि सगळं संपलं होतं. आता सांगून काय होणार, असं मी मनाला सांगितलं. एक नोटही खर्च केलेली नाही. तांदळाच्या डब्यात तळाशी, पिशवीत आहे.

मी तुझी माफी मागते.

थोरली

१ मार्च, शुक्रवार

धाकटे,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं आहे. ते तुला कळलं नसेल, घडलं तुझ्यासमोरच होतं, पण मधे भिंत होती. आठ दिवस झाले, ते वाक्य मला झोपू देत नाही. "गड्डी तू गेल्यानंतर सापडली."

गड्डी मला त्याच बुधवारी संध्याकाळी सापडली. बैठकीवरून येऊन मी अंग टाकलं आणि पाठीला टोचली. तेव्हा तू भिंतीपलीकडे रडत होतीस. भाऊजी सारखे म्हणत होते, "आपण पोलिसात जाऊ, होऊ दे चौकशी." आणि तू म्हणत होतीस, "नको. गट मोडेल. वहिनींनी एवढ्या मेहनतीने बांधलाय." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. हातात गड्डी होती.

मी ठरवलं, सकाळी सांगते. सकाळी ठरवलं, संध्याकाळी. शुक्रवारी दुपारी टेम्पो आला. तुझी शिवणाची मशीन सुटी करून, चाक वेगळं, पाय वेगळे, अशी बोळातून बाहेर नेली. चाक भिंतीला घासलं, त्याचा ओरखडा अजून आहे. मी दार लोटून आत उभी होते. मला फक्त दार उघडायचं होतं. मशीन टेम्पोत चढायच्या आत फक्त बाहेर येऊन म्हणायचं होतं, थांबा. हात कडीवर होता. मी दार उघडलं नाही.

मशीन विकून आलेल्या पैशांनी तू पेटी भरलीस. "मी घेतले नाहीत, पण बैठक मोडू नये म्हणून भरते," म्हणालीस. आणि सगळ्यांनी फक्त शेवटचा शब्द ऐकला. भरते. निरपराध बाई कशाला भरेल, असं चहावाली म्हणाली आणि मी, अध्यक्ष, वहीत जमा करून घेतले. महिन्याभरात तुम्ही गाव सोडलंत.

आता माफी मागत नाही. मागच्या पत्रातली परत घे, ती खोट्यावर लिहिली होती.

यांना काल सगळं सांगितलं. ऐकत होते तोवर हातातली पान्ह्यांची पिशवी खाली ठेवली नाही. मग म्हणाले, "म्हणून चार वर्षं तांदळाच्या डब्याला हात लावू देत नव्हतीस होय." जरा वेळाने म्हणाले, "माझा भाऊ चार वर्षं या दारात आला नाही." आणि दुकानात निघून गेले. जेवायला आले नाहीत. मी डबा नेऊन दिला, तो घेतला.

तर आता ऐक. तू ये किंवा येऊ नको. दोन ओळी लिही किंवा लिहू नको. पाच दिवसांनी वाटप आहे. तुझी जागा निघणार नाही, आणि जे मी तुला लिहिलं ते मी तिथे उभी राहून सांगणार आहे, सगळंच्या सगळं, दाराच्या कडीसकट. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. मी बायकांना पाच वर्षं खरं बोलायला लावते आहे, दंड लावून. आता माझी पाळी.

भीती वाटते. हे तुलाच लिहू शकते. गट मोडला तर मोडला असं म्हणायची माझी अजून तयारी नाही, पण तरी सांगणार.

थोरली

७ मार्च, गुरुवार

धाकटे,

सांगितलं.

तू आली नव्हतीस. मी दारातून दोनदा बाहेर डोकावले, मग शाळेतल्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि मीच नियम केला आहे म्हणून बैठक तीनला सुरू झाली. आकडे सुरू झाले. एकेक जोडी उठते आणि सांगते. शेवटी मी. मला जोडीदारीण नाही, माझा आकडा चार वर्षं शाळेतल्या बाई सांगतात. तो त्यांनी सांगितला आणि मग मी उभी राहिले. कोणाला कळेना मी का उभी राहिले. म्हणाले, "अठराशे पंचेचाळीस."

चहावाली म्हणाली, "हा कोणाचा?"

मी म्हणाले, "माझ्या जोडीदारणीचा. मी एकदा विसरले होते." आणि मग सुरुवात केली.

किती वेळ बोलले माहीत नाही. तांदळाच्या डब्यातली पिशवी पुढे ठेवली. बाहेर शाळेतली मुलं सुटली, त्यांचा गलबला आला आणि गेला. संपल्यावर मी खाली बसणार होते, तर गिरणीवाली म्हणाली, "बसू नको."

मी उभी राहिले.

ती म्हणाली, "त्या दिवशी मला उभं केलं होतंस. माझी लेक घरी विव्हळत होती. किती वेळ उभी होते आठवतं?" मी म्हणाले, नाही. ती म्हणाली, "मला आठवतं. बैठक संपेपर्यंत." मग कोणी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "आकडा विसरल्याचा दंड भर आधी. जो माझ्याकडून घेतलास तोच." मी भरला. शाळेतल्या बाईंनी तो वहीत लिहिला, चार वर्षांपूर्वीच्या तारखेच्या समोर. अक्षर जरा वाकडं आलं त्यांचं.

पुढचं भांडण मी सांगत बसत नाही. कोंबडीवाली मला नाही नाही ते बोलली आणि तिचा प्रत्येक शब्द खरा होता. एक नवी बाई म्हणाली, असल्या गटात मी येत नाही, आणि उठून गेली. चहावाली रडली. मला वाटलं माझ्यासाठी रडते, तर म्हणाली, "मोपेडचं मी बोलले होते." मी अध्यक्ष राहिले नाही. किल्ली काढून घेतली. पेटी आता कोंबडीवालीकडे, त्यांच्याकडे कुत्रं आहे. किल्ल्या तीन वेगवेगळ्या गल्ल्यांत. बाईंचं म्हणणं पाच वर्षांनी मान्य झालं.

तुझी जागा काढायची नाही असं ठरलं. सगळ्यांचे हात वर होते, माझा नव्हता, कारण मी जिच्यामुळे हे झालं ती, मी मत द्यायचं नाही असं गिरणीवालीने सांगितलं. तुझी बचत व्याजासह आणि तू भरलेले बत्तीसशे, दोन्ही वेगवेगळ्या पाकिटांत, शाळेतल्या बाईंकडे आहेत. तुझ्याच हातात द्यायचे असं ठरलं आहे. माझ्या हाती कोणी देईना.

गट मोडला नाही. तू तेव्हा म्हणाली होतीस ना, गट मोडेल म्हणून. तू भरल्यामुळे तो टिकला असं मला चार वर्षं वाटत होतं. काल बायका एवढ्या भांडल्या आणि तरी पुढच्या बुधवारची वेळ ठरवूनच उठल्या.

आणखी एक. माझ्या वाटपाचे पैसे हातात आले, पण ते यांच्या दुकानाच्या भाड्यात आधीच गेलेले होते. म्हणून मी कर्जाचा अर्ज केला. वाटपानंतरचं पहिलं कर्ज. गिरणीवाली आता अध्यक्ष आहे. तिने विचारलं, "कशासाठी?" मी म्हणाले, "शिवणाची मशीन परत विकत घ्यायला." तुझी मशीन शोधून काढली आहे मी, मागच्याच आठवड्यात. टेम्पोवाल्याला विचारत विचारत तिसऱ्या गावात पोहोचले. पोती शिवणाऱ्याकडे आहे. पाय मारायचा खालचा पायटा बदललाय, पण डोकं तेच, तू लावलेला लाल रंगाचा ठिपका सुईजवळ तसाच आहे.

गिरणीवाली म्हणाली, "फेडशील कशी?"

हा प्रश्न पाच वर्षं मी सगळ्यांना विचारायचे. ज्या आवाजात विचारायचे तो आवाजही तिने बरोबर उचलला आहे. कोणीतरी हसलं. मीसुद्धा. मी सांगितलं, आठवड्याला किती आणि कुठून. दोनदा सांगायला लावलं. मग मंजूर केलं, नेहमीच्याच व्याजाने, एक पैसा सूट नाही.

थोरली

२१ मार्च, गुरुवार

धाकटे,

तुझं कार्ड आज दुपारी आलं. हे दुकानातून स्वतः घेऊन आले, सायकलवर, एवढ्या उन्हात. माझ्या हातात दिलं आणि जागेवरच उभे राहिले. मी उलटसुलट केलं. वर मायना नाही, खाली नाव नाही. मधोमध एकच ओळ.

एकवीसशे दहा.

"हे काय आहे?" यांनी विचारलं. मी सांगितलं, माझा आकडा आहे. त्या बुधवारचा. तर ते म्हणाले, "चार वर्षं तिने तुझा आकडा कशाला पाठ ठेवला?" मी म्हणाले, "ती माझी जोडीदारीण आहे." मग ते तुमच्या बाजूच्या खोलीत गेले आणि मशीनला तेल घालत बसले. मशीन आली आहे. खिडकीपाशी, पूर्वीच्याच जागी ठेवली. पायट्याला कुरकुर होती, ती यांनी काढली. खिळ्यावर आता टोपी लावत नाहीत.

मी खूप रडले, हे लिहून ठेवते. तू विचारणार नाहीस आणि मी तोंडाने सांगणार नाही.

तुझ्या कार्डाचा अर्थ मी माझ्या सोयीने लावायचा नाही असं ठरवलं आहे. तू मला माफ केलंस असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. तू विसरली नाहीस एवढंच लिहिलं आहेस. तेवढं मला पुरतं.

पण आकडा चुकला आहे, ते सांगायला हवं. वाटप झालं, जुने आकडे संपले. दोन बुधवार झाले आहेत, म्हणून माझा आकडा आता ऐंशी आहे. पाठ करायला सोपा. तुझा शून्य. तो मी रोज सकाळी भांडी घासताना म्हणते, म्हणजे सवय राहील.

बुधवारी तीन वाजता. तू बसायचीस ती चटईची जागा रिकामी आहे, डाव्या हाताला, खिडकीखाली. उशीर झाला तर दंड आहे, आणि गिरणीवाली कोणाचं ऐकत नाही.

तुझी
थोरली